पाफोस पहिल्यांदा बघताना: समुद्र, मोझेकच्या फरश्या आणि देवीचा काळा दगड

सायप्रस बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यावर पाफोस हे गाव आहे. युरोपातले लोक इथं ऊन खायला येतात. हॉटेलचा तलाव, समुद्र, रात्री बंदरावर जेवण, आणि मधल्या एखाद्या रिकाम्या दुपारी ‘तिथं काहीतरी जुनं आहे म्हणे’ म्हणून अवशेषांवर एक चक्कर. रणरणत्या उन्हात, गोष्टी माहीत नसताना मारलेल्या अशा चक्करीत पडके दगड आणि रंगीत फरश्या यांपलीकडे काही हाती लागत नाही. भारतातून जाणाऱ्यांच्या सहलींचे आराखडे बघितले तर त्यांतही तेच दिसतं.

म्हणून हा लेख. पाफोसला किनारा आणि अवशेष चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे दोन्ही नीट बघता येतं. त्यासाठी सकाळ अवशेषांना द्यायची, समुद्र दुपारी चारनंतर, आणि निघण्यापूर्वी सात-आठ ग्रीक कथा वाचून घ्यायच्या. पुढचं सगळं याच पायावर रचलेलं आहे.

निघण्याआधी

व्हिसापासून सुरुवात करा. सायप्रस युरोपीय संघात आहे आणि चलन युरो आहे, पण हे लिहिताना तो शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर सायप्रसचा स्वतंत्र व्हिसा लागतो. तुमच्याकडे दोन किंवा अनेक प्रवेशांचा चालू शेंगेन व्हिसा असेल आणि त्यावर तुम्ही आधी एखाद्या शेंगेन देशात जाऊन आला असाल, तर त्याच व्हिसावर सायप्रसला जाता येतं. ग्रीस किंवा इटलीच्या सहलीला पाफोस जोडायचं असेल तर क्रम तसाच ठेवा, आधी शेंगेन आणि मग सायप्रस. नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी दिल्लीतल्या सायप्रस उच्चायोगाची ताजी सूचना वाचा.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. 1974 पासून हे बेट दोन भागांत विभागलेलं आहे. उत्तरेकडच्या विमानतळावरून किंवा बंदरातून बेटावर येणं सायप्रस प्रजासत्ताक बेकायदा मानतं. उत्तरेत जाणारी स्वस्त तिकिटं दिसली तरी तुमचं विमान लार्नाका किंवा पाफोस इथंच उतरलं पाहिजे.

मुंबईहून थेट विमान नाही. दुबई किंवा दोहा इथं विमान बदलून लार्नाकाला उतरायचं, हा सोपा मार्ग. तिथून पाफोस सुमारे 140 किलोमीटर आहे आणि पूर्ण रस्ता महामार्गाचा आहे. युरोपातून येत असाल तर पाफोसच्या स्वतःच्या विमानतळावर स्वस्त विमानं उतरतात. तिथून 612 क्रमांकाची बस थेट बंदरापर्यंत येते.

महिना निवडताना आपला पावसाळा विसरा. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो आणि जून ते ऑगस्ट आकाश कोरडं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये पुरातत्त्व उद्यानात सावली शोधावी लागते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे माझ्या मते सर्वांत चांगले महिने. एप्रिलमध्ये अवशेषांच्या मधूनमधून रानफुलं असतात, पण पाणी गार लागतं. ऑक्टोबरमध्ये समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो आणि गर्दी ओसरलेली असते. पोहायचंच असेल तर ऑक्टोबर घ्या.

सामानात तीन गोष्टी हव्यातच. पहिली, तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा अडॅप्टर. आपली गोल पिन तिथं बसत नाही. दुसरी, पाण्यात घालायचे रबरी बूट, कारण बरेच किनारे खडकाळ आहेत. तिसरी, खांदे आणि गुडघे झाकणारा एखादा पोशाख किंवा ओढणी, मठ आणि चर्चसाठी.

राहायचं कुठं

पाफोसचे दोन भाग आहेत. टेकडीवरचा क्तिमा हा भाग स्थानिकांचा: बाजार, कचेऱ्या, घरं. खालचा कातो पाफोस हा बंदराचा आणि हॉटेलांचा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कातो पाफोसलाच राहावं. बंदर, पुरातत्त्व उद्यान आणि बसस्थानक सगळं पायी होतं. कोरल बे हे दहा-बारा किलोमीटर उत्तरेला असलेलं वाळूचं सुंदर किनारपट्टीचं ठिकाण आहे. लहान मुलं असतील आणि मुख्य बेत समुद्राचाच असेल तर तिथं राहणं चालेल. 615 क्रमांकाची बस बंदर ते कोरल बे सतत ये-जा करते आणि वाटेत राजांच्या कबरींपाशी थांबते.

गाडी घ्यावी का? गावात गरज नाही. कुक्लिया आणि कुरियन ही प्राचीन स्थळं किंवा आकामास हे द्वीपकल्प बघायचं असेल तर दोन दिवसांपुरती घ्या. 1960 पर्यंत ब्रिटिश अंमल असल्यामुळे तिथं वाहनं आपल्यासारखीच रस्त्याच्या डावीकडून चालतात. युरोपात गाडी चालवायला बिचकणाऱ्या आपल्या लोकांना ही मोठीच सोय आहे. आंतरराष्ट्रीय चालक परवाना भारतातूनच काढून न्या.

पहिली सकाळ: पुरातत्त्व उद्यान

उद्यानाचं दार बंदराजवळच्या मोठ्या वाहनतळाला लागून आहे. ते साडेआठला उघडतं. तेव्हाच दारात असा. बसभर पर्यटक दहाच्या सुमाराला येऊ लागतात. तिकीट बरीच वर्षं साडेचार युरो असं चालत आलेलं आहे. अनेक स्थळं बघायची असतील तर पुरातत्त्व खात्याचा एकत्रित पासही मिळतो, त्याची तिकीट खिडकीवर चौकशी करा.

आत शिरण्यापूर्वी थोडा इतिहास. हे ‘नवं’ पाफोस. ते इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस वसलं. जुन्या पाफोसचा शेवटचा राजा निकोक्लीस याने ते वसवलं असं मानतात. पुढे इजिप्तच्या टॉलेमी राजांनी आणि त्यांच्यानंतर रोमनांनी बेटाचा कारभार इथून चालवला. राजधानी म्हटल्यावर अधिकारी आले, व्यापारी आले, त्यांची मोठमोठी घरं आली आणि घरांच्या जमिनीवर मोझेक, म्हणजे दगडाच्या बारीक तुकड्यांची चित्रं, आली. चौथ्या शतकातल्या भूकंपांनी हे सगळं पाडलं आणि राजधानी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर गेली. भिंतींचे दगड लोकांनी पुढे दुसऱ्या बांधकामांना नेले, पण ढिगाऱ्याखालच्या फरश्यांना कुणी हात लावला नाही. 1962 मध्ये इथली जमीन सपाट करताना त्यांतली पहिली फरशी योगायोगाने वर आली.

ती फरशी ज्या घराची होती ते आज डायोनिससचं, म्हणजे ग्रीकांच्या मद्यदेवाचं, घर म्हणून ओळखलं जातं. सगळ्यांत आधी तिथंच जा. लाकडी छपराखाली उंचावरून चालायचे पूल केले आहेत आणि खाली सुमारे 550 चौरस मीटर मोझेक पसरलेले आहेत. ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या शेवटचे किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीचे आहेत. घाई करू नका. इथं किमान एक तास द्या.

आता त्या कथा, ज्या माहीत नसतील तर निम्मं बघणं वाया जातं.

दाराशीच काळ्या-पांढऱ्या गोट्यांचं एक चित्र आहे, समुद्रातली राक्षसीण स्किला. ते घरापेक्षा चारपाचशे वर्षं जुनं आहे. पुढच्या रंगीत चित्रांशी त्याची तुलना करा, म्हणजे मधल्या काळात ही कला कुठून कुठं गेली ते डोळ्यांना दिसेल. पुढे नार्सिसस, पाण्यातल्या आपल्याच प्रतिबिंबावर भाळलेला तरुण. मग चार ऋतूंचं चित्र. त्यात ग्रीक अक्षरं कोरली आहेत: येणाऱ्याला अभिवादन, आणि दुसऱ्या बाजूला ‘तुलाही’. घरमालक आणि पाहुणा यांच्यातला हा दोन शब्दांचा संवाद आठरा शतकं तिथंच आहे. मला त्या घरातली सर्वांत लोभस जागा हीच वाटते.

पश्चिमेच्या ओवरीत कथा ओळीने लागतात. पिरामस आणि थिस्बी ही ताटातूट झालेल्या प्रेमिकांची कथा. तिथं चित्रकाराने गंमत केली आहे: पिरामस हा तरुण प्रेमिक न दाखवता पाण्याचा घट घेतलेला नदीदेव दाखवला आहे, कारण त्याच नावाची एक नदीही होती. पलीकडे इकारिओसची कथा. डायोनिससने त्याला द्राक्षाची दारू करायला शिकवलं. त्याने बैलगाडीवर बुधले लादून ती मेंढपाळांना पाजली. त्यांनी आयुष्यात दारू चाखली नव्हती. आपल्यावर विषप्रयोग झाला अशा समजुतीने लोकांनी इकारिओसलाच ठार केलं. चित्रात गाडी आहे, इकारिओस आहे, आणि उजवीकडे झिंगलेले दोघे आहेत. त्यांच्या डोक्यावर लिहिलं आहे, ‘दारू प्यालेले पहिले’.

आपल्यासाठी खास चित्र मोठ्या दालनाच्या तोंडाशी आहे. डायोनिसस बिबट्यांनी ओढलेल्या रथातून मिरवत चालला आहे, सोबत त्याचा लवाजमा आहे, आणि त्या लवाजम्यात सावळ्या रंगाचे भारतीय बंदी आहेत. डायोनिससने पूर्वेकडे जाऊन भारत जिंकला अशी ग्रीकांची दंतकथा होती. सिकंदराच्या स्वारीनंतर तिला भलताच बहर आला. ज्या कारागिराने हे दगडाचे तुकडे बसवले त्याने भारतीय माणूस पाहिला असेल की नाही कोण जाणे, पण भूमध्य समुद्रातल्या एका दिवाणखान्यात आपला देश कसा कल्पिलेला होता याचा हा पुरावा आहे. इथं मार्गदर्शक नसला तर लोक सरळ पुढे जातात. तुम्ही थांबा.

तिथून आयोनच्या घरी चला. 1983 मध्ये पोलिश पथकाला सापडलेलं हे छोटंसं दालन आहे. पाच चौकटी आणि चौथ्या शतकाचं काम. इथले चेहरे जास्त रेखीव आहेत आणि छटा मऊ आहेत. लेडा आणि हंस, बाळ डायोनिसस, अपोलो देवाशी संगीताची स्पर्धा करून हरलेला मार्सियास. मधोमध सौंदर्यस्पर्धेचा निकाल देणारा काळाचा देव आयोन. मला हे दालन पहिल्या घरापेक्षाही सरस वाटतं. फक्त ते लहान असल्यामुळे गटागटाने लोक आले की जागा उरत नाही, म्हणून सकाळची वेळ महत्त्वाची.

थिसिअसचा महाल अगदी जवळ आहे. शंभराहून जास्त खोल्यांची ही इमारत रोमन सुभेदाराचं निवासस्थान असावी. त्यातली चक्रव्यूहाची गोल फरशी बघा. मध्ये मिनोटॉर राक्षसाला मारणारा वीर थिसिअस, बाजूला त्याला मदत करणारी राजकन्या एरियाडनी, आणि क्रीट बेट व चक्रव्यूह हे दोघंही माणसांच्या रूपात. थिसिअसचा चेहरा बाकीच्या कामापेक्षा वेगळा दिसेल, कारण फरशी खराब झाल्यावर तो पुन्हा नव्याने बसवला आहे.

इथवर अडीच तास होतात. अंगात जोर असेल तर दीपगृहाच्या दिशेने चालत ओडिऑन या छोट्या अर्धगोल रंगमंडलापर्यंत जा आणि परतताना सारांता कोलोनेस हा पडका किल्ला बघा. 1222 च्या भूकंपात कोसळला, तेव्हापासून तो तसाच आहे. कमानीवर चढायचा मोह मुलांना होतो, तो होऊ देऊ नका. बाराच्या आत बाहेर पडा. पाणी दारावरच भरून घ्या, आत कुठं मिळत नाही असं धरून चाला.

गावातलं बाकीचं

बंदरावरचा किल्ला बाहेरून छान आहे, आत फारसं काही नाही. वर चढून बंदर बघायचं असेल तरच तिकीट काढा.

क्रिसोपोलितिसा चर्चचं आवार मात्र चुकवू नका. ते विनामूल्य आहे. चौथ्या शतकातल्या सात दालनांच्या प्रचंड चर्चचे खांब आणि फरश्या जमिनीवर पसरल्या आहेत आणि त्यांच्या मध्ये एक लहानसं चर्च उभं आहे. इथल्याच एका खांबाला बांधून संत पॉलला फटके मारले अशी श्रद्धा आहे. इसवी सन 45 च्या आसपास पॉल आणि त्याचा सोबती बार्नाबस पाफोसला आले आणि रोमन सुभेदार सर्गिअस पॉलस याला त्यांनी ख्रिस्ती धर्माकडे वळवलं, असं बायबलमध्ये सांगितलं आहे.

तिथून मुख्य रस्त्याने वर जाताना उजव्या हाताला आयिया सोलोमोनी लागतं. रस्त्याला लागून एक जुनं झाड आहे आणि त्याच्या फांद्यांना शेकडो रुमाल, चिंध्या, फिती बांधलेल्या आहेत. आजार बरा व्हावा म्हणून बोललेल्या नवसाच्या. आपल्याकडचा माणूस तिथं क्षणभरही परका वाटून घेत नाही. पायऱ्या उतरून खाली गेलं की खडकात कोरलेलं चर्च आणि त्याहून खाली एक विहीर आहे. पायऱ्या ओल्या असतात, जपून.

क्तिमामधलं पुरातत्त्व संग्रहालय लहान आहे, पण तिथं एक अफलातून गोष्ट आहे. शेकण्यासाठी गरम पाणी भरायची रोमन काळातली मातीची भांडी, हात, पाय अशा एकेका अवयवाच्या आकारात केलेली. कुठल्या सांध्याला कुठलं भांडं लावायचं ते बघताक्षणी कळतं. बंदरावरून 610 क्रमांकाची बस वर क्तिमाला जाते.

राजांच्या कबरी

याला अर्धा दिवस नको, दीड-दोन तास पुरतात. तिकीट वेगळं आहे, अडीच युरोंच्या घरातलं. बंदरापासून किनाऱ्याकाठी बांधलेल्या पायवाटेने चालत गेलात तर पाऊण तास लागेल, आणि ही वाट स्वतःच सुंदर आहे. परतताना 615 ची बस पकडा.

इथं एकही राजा पुरलेला नाही. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारापासून पुढे काही शतकं अधिकारी आणि धनिक लोकांना इथं पुरलं. खडक वरून खाली खोदत नेला आहे. काही कबरींमध्ये आपल्या चौसोपी वाड्यासारखा वरून उघडा चौक आणि भोवती खांबांच्या ओवऱ्या आहेत, सगळं एकाच खडकात कोरलेलं. मेलेल्या माणसालाही घर लागतं ही कल्पना, आणि तिची घडण इजिप्तच्या अलेक्झांड्रियातून आलेली. क्रमांक 3 आणि 4 या कबरी सर्वांत देखण्या आहेत. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला छिन्नीच्या खुणा वाचायची सवय असते. ती इथं कामाला येते.

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. उन्हाळ्यात हे स्थळ साडेसातपर्यंत उघडं असतं, हिवाळ्यात पाचला बंद होतं. पायऱ्यांना कठडे नाहीत आणि खडक गुळगुळीत झाला आहे, त्यामुळे चपला नकोत, बूट हवेत. वयस्कर मंडळींना वरून चौक बघूनही बरंच कळतं.

कुक्लिया: देवी जिथं दगडाच्या रूपात होती

पाफोसच्या आसपास एकच जागा बघायला वेळ असेल तर मी कुक्लिया सांगेन. पाफोसपासून पूर्वेला सुमारे 15 किलोमीटर. हेच जुनं पाफोस. बहुतेक पर्यटक याला वगळून पुढच्या समुद्रातल्या खडकापाशी छायाचित्रं काढायला जातात.

इथं ॲफ्रोडायटी या ग्रीकांच्या प्रेमदेवतेचं मंदिर होतं. इसवी सनपूर्व 1200 च्या सुमाराला त्याची पहिली बांधणी झाली आणि इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंत पूजा चालू राहिली. सगळ्या ग्रीक आणि रोमन जगातून लोक इथं यायचे. संगमरवरी सुंदरीचे पुतळे आपण पाहिलेले असतात, त्यामुळे इथं अशीच एखादी मूर्ती असेल असं वाटतं. ती नव्हती. इथली देवी म्हणजे शंकूच्या आकाराचा एक काळसर दगड. रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलं आहे की देवीचं रूप माणसाचं नाही, वेदीवर रक्त सांडायला मनाई आहे, आणि उघड्यावर असूनही ती वेदी पावसाने भिजत नाही अशी श्रद्धा आहे. पुढे सम्राट झालेला टायटस इसवी सन 69 मध्ये इथं कौल लावायला आला होता. रोमन नाण्यांवरही मंदिराच्या मध्यभागी हा शंकू दिसतो.

तो दगड आज तिथल्याच संग्रहालयात आहे. माणसाच्या छातीइतका उंच. गावोगावच्या देवींचे शेंदूर लावलेले तांदळे पाहत मोठ्या झालेल्या कुणालाही त्याच्यापुढे उभं राहिल्यावर फार समजावून सांगावं लागत नाही. युरोपीय पर्यटक या दालनातून मिनिटभरात पुढे सरकतात. ते चेहरा शोधत असतात. देवीला चेहरा लागतोच असं नाही हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, आणि त्यामुळे ही जागा आपण त्यांच्यापेक्षा जास्त चांगली बघू शकतो असं मला मनापासून वाटतं.

संग्रहालय मध्ययुगातल्या फ्रेंच वंशाच्या लुझिन्यान राजांच्या गढीत आहे. तिथं साखरेचा कारखानाही होता. हे बेट त्या काळी युरोपला साखर पुरवायचं. बाहेर मंदिराचे अवशेष थोडेच उरले आहेत, काही प्रचंड उभे दगड आणि फरश्या. आधी संग्रहालय बघा आणि मग अवशेष, उलटं केलं तर काही अर्थ लागणार नाही.

वाटेत येरोस्किपू गाव लागतं. नव्या पाफोसहून जुन्या पाफोसला दरवर्षी देवीची यात्रा पायी निघायची आणि ती इथल्या देवीच्या बागेतून जायची. आज ते गाव लुकुमी या साखरेच्या मऊ वड्यांसाठी प्रसिद्ध आहे. घरी न्यायला हीच वस्तू घ्या, चांगली टिकते. चौकातलं पाच घुमटांचं आयिया पारास्केवी चर्च दहा मिनिटांत बघून होतं.

समुद्र

कातो पाफोसचे बरेचसे किनारे खडकाळ आहेत. बंदराजवळच्या पालिकेच्या स्नानाच्या जागेला शिडीने पाण्यात उतरायची सोय आहे आणि पोहता येणाऱ्यांना ती उत्तम. वाळू हवी असेल तर कोरल बे. अर्धचंद्राकार, उथळ, लहान मुलांना सुरक्षित आणि उन्हाळ्यात तुफान गर्दीचं. शेजारच्या भूशिरावर मा-पालेओकास्त्रो ही कांस्ययुगाच्या शेवटची वस्ती आहे आणि तिथं एक छोटं संग्रहालय आहे. टॉवेल गाडीत टाकून तासभर तिकडे जाता येतं.

पेत्रा तू रोमिऊ हा समुद्रातला प्रसिद्ध खडक पाफोसपासून 25 किलोमीटरवर आहे. ॲफ्रोडायटी फेसातून इथंच वर आली अशी कथा सांगतात. खडकाला पोहत तीन प्रदक्षिणा घातल्या की अमुक मिळतं असं कुणीतरी सांगेलच. त्या भरीला पडू नका. पाण्याला ओढ असते, किनारा गोट्यांचा आहे आणि लाटा माणसाला खडकावर आपटतात. संध्याकाळचं ऊन तिथं फार सुंदर पडतं. त्या वेळेला जा, रस्त्याखालच्या भुयारी वाटेनेच किनाऱ्यावर उतरा, आणि पाय भिजवून परत या. 631 क्रमांकाची बस तिथपर्यंत जाते. शेवटची परतीची बस किती वाजता आहे ते चालकाला जातानाच विचारा.

आकामासमधला लारा किनारा वेगळ्याच कारणासाठी. इथं हिरवी कासवं आणि लॉगरहेड कासवं अंडी घालायला येतात. 1978 पासून सरकारी मत्स्यखातं त्यांचं रक्षण करत आलं आहे. घरट्यांवर जाळीचे पिंजरे ठेवलेले असतात. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना पाहिलेल्यांना हे काम लगेच ओळखीचं वाटेल. फरक हंगामाचा: इथं अंडी उन्हाळ्यात घातली जातात. छत्री रोवू नका, रात्री थांबू नका, पिंजऱ्यांपासून दूर राहा. रस्ता कच्चा आणि खडबडीत आहे. भाड्याच्या साध्या गाडीचा विमा अशा रस्त्यावर सहसा लागू होत नाही, तेव्हा करार वाचा किंवा जीपवाल्यांच्या सहलीने जा.

जेवण, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी

उपाशी राहायची वेळ येत नाही. हालुमी हे मेंढी-शेळीच्या दुधाचं चीज तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजून सगळीकडे मिळतं. पारंपरिक पद्धतीत ते वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या पाचकद्रव्याने विरजतात, हे कडक शाकाहारी लोकांनी लक्षात घ्यावं. लुव्वी म्हणजे पालेभाजी किंवा दुधीच्या जातीच्या भाजीबरोबर शिजवलेली चवळी, वरून ऑलिव्ह तेल आणि लिंबू. आपल्या जिभेला ती लगेच रुचते. कोलोकासी म्हणजे अळूचे कंद, पण ते बहुतेक वेळा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, म्हणून विचारूनच मागवा. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांमध्येही अनेकदा खिमा असतो.

यासाठी एक शब्द पाठ करा: निस्तीसिमो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपासाचं, म्हणजे मांस, दूध, अंडी नसलेलं जेवण. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर गावाकडच्या खानावळीत चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटतं. निस्तीसिमो म्हटलं की स्वयंपाकघरातून तीन-चार पदार्थ लगेच सांगितले जातात. मासे खाणाऱ्यांनी फिश मेझे मागवावं. एकामागून एक छोट्या बशा येत राहतात आणि ते बहुधा किमान दोघांसाठी असतं, त्यामुळे दुपारी हलकंच खा. बंदरावरची हॉटेलं महाग पडतात, क्तिमाच्या बाजाराजवळ त्याहून कमी पैशांत चांगलं मिळतं.

एक अर्धा दिवस उरला तर

आयिओस निओफितोसचा मठ, गावापासून उत्तरेला दहा किलोमीटरच्या आत. 1159 मध्ये निओफितोस नावाच्या तरुण संन्याशाने डोंगराच्या कड्यात स्वतःच्या हाताने गुहा कोरली, राहण्याची खोली आणि शेजारी स्वतःची कबर. 1183 मध्ये तिथं भिंतीचित्रं काढली गेली आणि त्यांतल्या एका चित्रात दोन देवदूतांच्या मध्ये खुद्द निओफितोस आहे. दगडी पलंग आणि मेज अजून जागेवर आहेत. गुहा अगदी लहान आहे, एका वेळी थोडेच लोक आत जातात.

परतीचा दिवस वाया घालवू नका

लार्नाकाहून विमान असेल आणि ते संध्याकाळी किंवा रात्री असेल, तर सकाळी आठला पाफोस सोडा. मुख्य महामार्ग न घेता जुन्या बी-6 रस्त्याने पेत्रा तू रोमिऊवरून कुरियनला या, साधारण 45 किलोमीटर. समुद्रावर झुकलेल्या कड्यावरचं रंगमंडल, युस्टोलिऑसच्या घराच्या फरश्या आणि चौथ्या शतकातल्या मोठ्या भूकंपाने गाडलेली घरं. त्यांतल्या एका घरात उत्खननकर्त्यांना आई, वडील आणि तान्हं बाळ एकमेकांना बिलगलेल्या अवस्थेत सापडले. ती खोली नकाशात शोधून बघाच. रंगमंडलात सगळ्यांत वरच्या पायरीवर बसा आणि सोबतच्याला खाली मध्यभागी उभं राहून साध्या आवाजात बोलायला सांगा.

कुरियनला दोन तास धरा. अपोलो हायलातीसचं मंदिर त्याच्या पश्चिमेला दोन किलोमीटरवर, म्हणजे पाफोसहून येताना आधीच लागतं. ते आधी उरका. कुरियनहून लार्नाका विमानतळ महामार्गाने तास-सव्वा तास. वाटेत खिरोकितिया हे नवाश्मयुगातल्या गोल घरांचं गाव महामार्गाला अगदी लागून आहे, पण चढ बराच आहे. हातात तासाभराहून जास्त वेळ असेल तरच गाडी तिकडे वळवा. भाड्याची गाडी परत करायला आणि पेट्रोलची टाकी भरायला अर्धा तास वेगळा ठेवा. विमानतळाला लागूनच्या पंपापेक्षा महामार्ग सोडण्यापूर्वीच्या पंपावर भरलेलं बरं.